कमाल आणि किमान : एका गणिताची कहाणी



महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी एक हिशेब मांडला जातो. मिळकत ठरलेली असते, गरजा मात्र अनेक असतात. वाणसामान, घरभाडे, मुलांची फी, वह्या-पुस्तके, औषधपाणी आणि पाहुणे-रावळे हे सारे त्यातच बसवायचे असते. घरची गृहिणी कागद-पेन्सिल न घेता मनाशीच दोन प्रश्न सोडवीत असते. पहिला प्रश्न असा की, एवढ्या पैशांत जास्तीत जास्त काय साधेल? दुसरा असा की, इतके तर हवेच आहे, मग ते कमीत कमी किती खर्चात होईल? पहिला प्रश्न कमालीचा आणि दुसरा किमानीचा. ‘कमाल’ हा शब्द आपल्या मराठीत अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ पूर्णता.

याच दोन प्रश्नांचे एक शास्त्र आहे. त्याला लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात. मराठीत त्याला रेषीय नियोजन म्हणता येईल. आपल्या मुलामुलींना ते बारावीच्या गणितात भेटते. आलेख-कागदावर रेषा काढायच्या, त्यांनी वेढलेल्या आकृतीचे कोपरे शोधायचे, प्रत्येक कोपऱ्याचे आकडे सूत्रात घालायचे आणि सर्वांत मोठे किंवा सर्वांत लहान उत्तर लिहून मोकळे व्हायचे. धडा सोपा म्हणून विद्यार्थी खूष असतात. परंतु फक्त कोपरेच का पाहायचे, मधले हजारो बिंदू का सोडायचे, असा प्रश्न फार थोडे विद्यार्थी विचारतात. ज्यांनी तो विचारला आणि ज्यांनी त्याचे उत्तर शोधले, त्यांची ही कहाणी आहे.

जुना प्रश्न

कमाल कोठे असते हा प्रश्न फार जुना आहे. बाराव्या शतकात इराणातील तूस गावचा शरफुद्दीन अल्-तूसी हा गणिती होऊन गेला. (वेधशाळेमुळे प्रसिद्ध झालेला नसीरुद्दीन अल्-तूसी त्याच्या नंतरचा, दोघांत गल्लत करू नये.) शरफुद्दीनने घनसमीकरणांवर ग्रंथ लिहिला. एखाद्या समीकरणाला उत्तर आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्याने आधी विशिष्ट राशीचे कमाल मूल्य काढले.

आपण त्याचा प्रश्न सोप्या आकड्यांत मांडू. १२ या संख्येचे दोन भाग करा. एका भागाचा वर्ग करा आणि त्याला उरलेल्या भागाने गुणा. हा गुणाकार जास्तीत जास्त किती होईल? ७ आणि ५ घेतले तर ४९ गुणिले ५ म्हणजे २४५ येतात. ९ आणि ३ घेतले तर ८१ गुणिले ३ म्हणजे २४३ येतात. मात्र ८ आणि ४ घेतले तर ६४ गुणिले ४ म्हणजे २५६ येतात, आणि याहून मोठे उत्तर मिळत नाही. मूळ संख्येचे दोनतृतीयांश घेतले की कमाल मिळते, हे अल्-तूसीने सिद्ध केले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या उदाहरणात कमाल मधेच सापडते. डोंगर चढत जावा, माथा लागावा आणि मग उतार सुरू व्हावा, तसा हा प्रकार आहे. पुढे युरोपात कलनशास्त्र विकसित झाले आणि असे माथे शोधण्याची सर्वसाधारण रीत मिळाली. पण ज्या हिशेबाला माथाच नाही, जो एकसारखा चढतच जातो, तेथे काय करायचे? घरखर्चाचे आणि कारखान्याचे बहुतेक हिशेब तसेच असतात. दुप्पट माल दुप्पट नफा देतो, तिप्पट माल तिप्पट. आपल्याला अडवितो तो माथा नव्हे, तर कुंपण अडविते. माल संपतो, वेळ संपतो, पैसा संपतो.

शिवणवर्गाचा हिशेब

एक छोटे उदाहरण घेऊ. ते मी या लेखासाठीच रचले आहे. एका मोहल्ल्यातील शिवणवर्गाला शाळेच्या गणवेषाचे काम मिळाले. सदरे आणि सलवारी शिवायच्या आहेत. एका सदऱ्याला २ मीटर कापड आणि ३ तास लागतात. एका सलवारीला ३ मीटर कापड आणि २ तास लागतात. आठवड्याला ६० मीटर कापड मिळते आणि सर्व भगिनींचे मिळून ६० तास उपलब्ध आहेत. कापडाची किंमत वजा जाता एका सदऱ्यामागे ३० रुपये आणि सलवारीमागे २५ रुपये सुटतात. किती सदरे आणि किती सलवारी शिवाव्यात म्हणजे कमाल प्राप्ती होईल?

सदऱ्यांची संख्या क्ष आणि सलवारींची संख्या य मानू. कापडाची अट अशी : २क्ष आणि ३य यांची बेरीज ६० पेक्षा अधिक नको. तासांची अट अशी : ३क्ष आणि २य यांची बेरीज ६० पेक्षा अधिक नको. शिवाय क्ष आणि य शून्याहून कमी असू शकत नाहीत. आलेखावर या अटींच्या रेषा काढल्या की चार कोपऱ्यांची एक आकृती तयार होते. तिच्या आतला आणि कडेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे शक्य असलेली एकेक योजना. बाहेरचा बिंदू म्हणजे हवेतले इमले.

आता फूटपट्टी हाती घ्या. ३०० रुपये देणाऱ्या सर्व योजना एका सरळ रेषेवर येतात. ६०० रुपये देणाऱ्या योजना तिला समांतर असलेल्या दुसऱ्या रेषेवर येतात. फूटपट्टी तशीच समांतर ठेवून वर सरकवीत न्या. प्राप्ती वाढत जाते. एक क्षण असा येतो की यापुढे सरकविले तर पट्टी आकृतीच्या पार बाहेर जाईल. त्या शेवटच्या क्षणी ती आकृतीला कोठे टेकलेली असते? कोपऱ्यावर. सरळ कडांच्या आकृतीला सरळ पट्टी शेवटची टेकते ती कोपऱ्यावरच. क्वचित एखाद्या अख्ख्या कडेवर टेकते, पण त्या कडेची दोन्ही टोके कोपरेच असतात. म्हणून मधले बिंदू तपासण्याचे कारण उरत नाही.

चार कोपरे तपासू. काहीच शिवले नाही तर प्राप्ती शून्य. नुसते २० सदरे शिवले तर ६०० रुपये. नुसत्या २० सलवारी शिवल्या तर ५०० रुपये. आणि जेथे कापडाची रेषा व तासांची रेषा एकमेकींना छेदतात, तेथे १२ सदरे व १२ सलवारी, म्हणजे ३६० अधिक ३००, एकूण ६६० रुपये. हीच कमाल. सदऱ्यामागे जास्त सुटते म्हणून नुसते सदरेच शिवावेत असे प्रथमदर्शनी वाटते, ते चूक ठरते.

आकडे बदलले की कोपराही बदलतो. सदऱ्यामागे ४५ रुपये सुटू लागले आणि सलवारीमागे २५ च राहिले, तर १२-१२ ची योजना ८४० रुपये देते आणि नुसते २० सदरे ९०० देतात. सदऱ्यामागे ३० आणि सलवारीमागे २० सुटत असतील, तर या दोन्ही कोपऱ्यांवर ६०० च मिळतात आणि त्यांना जोडणाऱ्या कडेवरची प्रत्येक योजना सारख्याच मोलाची ठरते. परीक्षेत हा बारकावा लक्षात ठेवावा.

लेनिनग्राडचा प्राध्यापक

कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे जाण्याची ही कल्पना प्रथम सुचली ती जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाला. उष्णतेच्या गणितामुळे अजरामर झालेला आणि १७९८ साली नेपोलियनबरोबर मिसरला गेलेला हाच तो फूरिये. १८२० च्या दशकात त्याने असमीकरणांचा विचार केला. कडेकडेने उतरत आकृतीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्याशी कसे पोहोचावे, हे त्याने सांगितले. पण त्या काळी त्याची गरज कोणाला भासली नाही आणि शंभर वर्षे ही कल्पना तशीच पडून राहिली.

१९३८ साली रशियातील लेनिनग्राड येथे एका प्लायवुड उद्योगाच्या प्रयोगशाळेने विद्यापीठातील प्राध्यापक लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे एक अडचण आणली. ८ यंत्रे आहेत, ५ प्रकारचा माल आहे आणि प्रत्येक यंत्राचा प्रत्येक मालावरचा वेग वेगळा आहे. कोणते यंत्र कोणत्या मालाला किती वेळ लावावे म्हणजे उत्पादन कमाल होईल? कांतोरोविच हे तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. चौदाव्या वर्षी विद्यापीठात प्रवेश आणि बाविसाव्या वर्षी प्राध्यापकपद अशी त्यांची कीर्ती होती. प्रश्न लाकडाच्या कारखान्याचा म्हणून त्यांनी नाक मुरडले नाही. उलट त्यांना दिसले की शेती, वाहतूक, धातूकाम या सर्वांत हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत उभा आहे. १९३९ साली त्यांनी आपली रीत एका लहान पुस्तिकेत प्रसिद्ध केली.

त्या रीतीचा गाभा आपल्या शिवणवर्गात पाहता येईल. समजा कापड ६० ऐवजी ६१ मीटर मिळाले. हिशेब पुन्हा केला तर प्राप्ती ६६३ रुपये येते, म्हणजे ३ रुपयांनी वाढते. कापड ६० मीटरच ठेवून तास ६१ केले तर प्राप्ती ६६८ येते, म्हणजे ८ रुपयांनी वाढते. याचा अर्थ, नेहमीच्या भावाहून जादा एका मीटरमागे ३ रुपयांपर्यंत देणे परवडेल, आणि एका जादा तासाचे मोल ८ रुपये आहे. हे भाव बाजारात लिहिलेले नसतात. ते हिशेबाच्या पोटात दडलेले असतात. आणखी गंमत पाहा. ६० मीटर गुणिले ३ म्हणजे १८०, ६० तास गुणिले ८ म्हणजे ४८०, आणि दोहोंची बेरीज तंतोतंत ६६०. कोणती अट आपल्याला किती आवळते आहे, हे या दडलेल्या भावांवरून कळते.

कांतोरोविच यांना हे भाव सापडले आणि तेथेच त्यांची अडचण झाली. त्या काळच्या सोव्हिएत राजवटीत असे भाव मांडणे म्हणजे अधिकृत अर्थविचाराला छेद देणे होते, आणि ते दिवस मतभेद खपवून घेण्याचे नव्हते. साधनसंपत्तीच्या उत्तम वापरावर त्यांनी १९४२ मध्ये लिहून तयार केलेला ग्रंथ छापून यायला १९५९ साल उजाडले.

मधल्या काळात युद्ध आले. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला, तो जानेवारी १९४४ पर्यंत पूर्णपणे उठला नाही. लाखो माणसे उपासमारीने मेली. हिवाळ्यात शहराला अन्न पोहोचविण्याचा रस्ता होता तो गोठलेल्या लादोगा सरोवराच्या बर्फावरून. लोक त्याला जीवनमार्ग म्हणत. मोटारी फार जवळजवळ चालल्या तर बर्फ फुटे. फार लांबलांब ठेवल्या तर शहरात धान्य कमी पोहोचे. बर्फाची जाडी आणि हवेचे तापमान पाहून दोन मोटारींत किती अंतर ठेवावे, याचा हिशेब कांतोरोविच यांनी केला. मोटारी बुडू नयेत याची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि ते स्वतः त्या बर्फावरून मोटारींच्या मधून चालत असत, असे सांगतात. कमाल आणि किमान हे शब्द तेथे परीक्षेचे नव्हते. चुकीच्या उत्तराची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जात होती.

अमेरिकेतील आहाराचा प्रश्न

आता किमानीकडे वळू. १९४५ साली जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. प्रश्न असा होता : सुमारे ७० किलो वजनाच्या, बेताचे काम करणाऱ्या पुरुषाला वर्षभर पुरेसे पोषण कमीत कमी किती पैशांत मिळेल? त्याने ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेतले. येथे अटींची दिशा उलटी असते. ‘याहून अधिक नको’ असे न म्हणता ‘निदान इतके तरी हवेच’ असे म्हणायचे. त्यामुळे शक्य योजनांचे क्षेत्र रेषांच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूला पसरते. फूटपट्टी वरून खाली आणायची आणि ती क्षेत्राला शेवटची जेथे टेकते तो किमान खर्चाचा कोपरा. पण अशा पसरलेल्या क्षेत्रात खर्चाची कमाल शोधू गेल्यास ती सापडणारच नाही. खर्च कितीही वाढविता येतो. बाजूंनी बंदिस्त नसलेल्या आकृतीत हे भान ठेवावे लागते.

स्टिग्लरजवळ पद्धतशीर रीत नव्हती. त्याने अटकळीने आणि चिकाटीने उत्तर काढले : गव्हाचे पीठ, डब्यातील आटविलेले दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या घेवड्याचे दाणे. १९३९ च्या भावाने वर्षाचा खर्च ३९ डॉलर ९३ सेंट. हेच अचूक किमान आहे असा त्याचा दावा नव्हता.

अचूक रीत दिली ती जॉर्ज डांत्झिग यांनी. विद्यार्थ्यांनी त्यांची एक गोष्ट जरूर ऐकावी. १९३९ साली बर्कली येथे शिकत असताना डांत्झिग एके दिवशी प्राध्यापक नेमन यांच्या तासाला उशिरा पोहोचले. फळ्यावर दोन प्रश्न लिहिलेले होते. गृहपाठ असावा असे समजून त्यांनी ते उतरवून घेतले. नेहमीपेक्षा जरा कठीण वाटले, पण काही दिवसांनी सोडवून दिले आणि विलंबाबद्दल क्षमाही मागितली. पुढे एका रविवारी सकाळी नेमन घाईघाईने त्यांच्या दारात हजर! ते गृहपाठाचे प्रश्न नव्हतेच. संख्याशास्त्रातील तोवर न सुटलेले ते प्रश्न होते. हे अवघड आहे, तुला जमायचे नाही, असे त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते, एवढाच काय तो फरक. पालकांनी यावर विचार करावा. आपल्या घरात गणिताविषयी मुलांशी, आणि विशेषतः मुलींशी, आपण काय बोलतो?

महायुद्धानंतर डांत्झिग अमेरिकन हवाई दलाचे गणिती सल्लागार झाले. किती विमाने, किती माणसे, किती सामान कधी कोठे पाठवावे, याचे वेळापत्रक लष्करात ‘प्रोग्राम’ या नावाने ओळखले जाई. या गणिताच्या नावात प्रोग्रामिंग आले ते तेथून. संगणकाच्या प्रोग्रामशी त्याचा मुळात संबंध नाही. आधी त्यांना वाटले की अर्थशास्त्रज्ञांकडे याची रीत असेल. म्हणून ते त्यालिंग कूपमान्स यांना भेटले. जहाजवाहतुकीचे असेच प्रश्न कूपमान्स यांनी युद्धकाळात हाताळले होते. पण तयार रीत तेथेही नव्हती. तेव्हा १९४७ च्या उन्हाळ्यात डांत्झिग यांनी स्वतःच ती बनविली. तिचे नाव सिंप्लेक्स. एका कोपऱ्यावर उभे राहायचे, तेथून निघणाऱ्या कडा पाहायच्या, जिच्यावरून गेल्यास उत्तर सुधारते ती कड धरून पुढच्या कोपऱ्यावर जायचे. एकही कड सुधारणा देत नसेल तर आपण मुक्कामी पोहोचलो.

हे का महत्त्वाचे? आपल्या उदाहरणात चारच कोपरे होते, ते हातांनी तपासता आले. पण ७० माणसांना ७० कामे वाटायची असतील तर शक्य वाटपांची संख्या एकावर शंभर शून्ये यांहूनही मोठी होते. ती एकेक करून तपासायला विश्वाचे वय पुरणार नाही. सिंप्लेक्स रीत त्यातल्या मोजक्याच कोपऱ्यांवरून चालत उत्तरापर्यंत जाते.

रीत खरी की खोटी हे पाहण्यासाठी त्याच वर्षी स्टिग्लरचा आहाराचा प्रश्न घेतला गेला. तेव्हा आजचे संगणक नव्हते. हाताने चालविण्याच्या गणकयंत्रांवर कारकुनांनी काम केले आणि एका माणसाचे १२० दिवस भरतील इतके श्रम लागले. उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरची अटकळ वर्षाला केवळ २४ सेंटांनी चुकली होती! अनुभवी माणसाची नजर किती अचूक असू शकते आणि तरीही हिशेब का करावा, या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणातून दिसतात.

३ ऑक्टोबर १९४७ रोजी डांत्झिग हे प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाला भेटले. फॉन नॉयमननी मुद्द्यावर यायला सांगितले, तेव्हा डांत्झिग यांनी एका मिनिटात प्रश्न फळ्यावर मांडला. त्यावर फॉन नॉयमन उठले आणि त्याच विषयावर दीड तास बोलले. खेळांच्या सिद्धान्तावर काम करताना त्यांना दिसले होते की प्रत्येक कमालीच्या प्रश्नाला एक जुळा किमानीचा प्रश्न असतो. आपण वर पाहिलेले ३ आणि ८ रुपयांचे दडलेले भाव म्हणजे त्या जुळ्या प्रश्नाचेच उत्तर, आणि दोन्हींकडे ६६० येणे हा योगायोग नव्हे.

यंत्राला न सांगितलेली अट

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. ती खुद्द डांत्झिग यांनीच हसत हसत लिहून ठेवली आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करायला सांगितले. त्यांनी ठरविले की आहार यंत्राकडूनच ठरवून घ्यायचा. उष्मांक ठरावीक मर्यादेत राहावेत आणि पोट कमाल भरल्यासारखे वाटावे, असा प्रश्न त्यांनी मांडला. पोट भरणे म्हणजे पदार्थाच्या वजनातून पाणी वजा केलेले वजन, असे त्यांनी मानले. यंत्र सांगेल ते जेवणात करायचे, असे पत्नीला सांगून ठेवले. यंत्राने सांगितले : इतर काही पदार्थांबरोबर ५०० गॅलन सिरका प्या! कोष्टकात सिरक्यातील पाणी शून्य धरले गेले होते.

सिरका यादीतून काढला. दुसऱ्या दिवशी यंत्र म्हणाले, मांसाच्या अर्काच्या २०० वड्या खा. डांत्झिग यांनी तीन-चार वड्या गरम पाण्यात विरघळवून पाहिल्या, तर निव्वळ खारे पाणी. इतक्या वड्या कोणी खाईल असे कोणाच्या मनातही आले नव्हते, म्हणून मिठावर मर्यादा घातलीच नव्हती. मग प्रत्येक पदार्थाला वरची मर्यादा घालावी लागली. शेवटी आहाराचा ताबा त्यांच्या पत्नीनेच घेतला.

यंत्राची यात चूक नव्हती. त्याने दिलेल्या अटींत खरोखरच कमाल शोधली. चूक होती ती न सांगितलेल्या अटींची. हल्ली संगणक आणि मोबाईल फोन पावलोपावली आपल्यासाठी ‘उत्तम’ काय ते ठरवून देतात. तेथे हा प्रश्न विचारायला आपल्या मुलांना शिकविले पाहिजे : कशाची कमाल, आणि कोणत्या अटी धरून? उत्तर यंत्र काढील. प्रश्न मांडण्याचे काम माणसाकडेच राहते.

आतल्या वाटेने

सिंप्लेक्स रीत व्यवहारात फार चांगली चालली, पण ती प्रत्येक वेळी झटपट चालेलच अशी खात्री नव्हती. १९७२ साली व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी अशी आकृती रचून दाखविली की तिच्यात ही रीत एकूण एक कोपरा फिरत बसते. ५० चलांच्या अशा आकृतीत एकावर पंधरा शून्ये यांहून अधिक कोपरे असतात. १९७९ मध्ये लिओनिद खाचियान या सोव्हिएत गणितज्ञाने नेहमीच मर्यादित वेळात उत्तर देणारी रीत दिली. पण ती प्रत्यक्षात संथ ठरली.

१९८४ साली पुढचे पाऊल टाकले ते नरेंद्र करमरकर यांनी. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातला जन्म, मुंबईच्या आय.आय.टी.मधून १९७८ साली पदवी, पुढे अमेरिकेत उच्च शिक्षण आणि बेल प्रयोगशाळेत नोकरी. वय अजून तिशीच्या आत. कडेकडेने कोपरे फिरण्याऐवजी आकृतीच्या पोटातून, आतल्या वाटेने उत्तराकडे जाता येते, हे त्यांनी दाखविले. त्यांच्या रीतीला वेळेच्या मर्यादेची खात्रीही होती आणि मोठ्या प्रश्नांवर ती उपयोगीही पडणारी होती. अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रांनी ही बातमी पहिल्या पानावर छापली. पुढे या रीतीवर त्यांच्या कंपनीने पेटंट घेतले, तेव्हा गणिताच्या रीतीवर कोणाची मालकी असावी का, असा मोठा वादही झाला.

अशा ठरावीक पायऱ्यांच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला. बगदादच्या विद्वानाचे नाव, तूसच्या पंडिताचा प्रश्न, फ्रान्सची कल्पना, रशियाचे प्लायवुड, अमेरिकेची विमाने आणि मुंबईत शिकलेला मराठी तरुण. ज्ञानाला कुंपण नसते, हे निराळे सांगायला नको.

१९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक कांतोरोविच आणि कूपमान्स यांना विभागून मिळाले. डांत्झिग यांचे नाव त्यात नव्हते. स्वतः कूपमान्स यांना त्याची खंत वाटली. पण डांत्झिग यांचे काम थांबले नाही. २००५ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते वारले, तेव्हा त्यांची रीत जगभर तेलशुद्धीपासून विमानांच्या वेळापत्रकांपर्यंत रोज वापरली जात होती.

आपल्यासाठी

पालकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी साधने तुटपुंजी आहेत. ती तशी असण्यात लाज नाही. हे गणित मर्यादांपासूनच सुरू होते. मर्यादा नसती तर कमाल शोधण्याची गरजच पडली नसती. पण हे गणित अशीही अट घालते की मर्यादा खऱ्या असाव्यात आणि स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. ‘मुलीला गणित झेपत नाही’, ‘आपल्यात एवढे कोणी शिकत नाही’ या अटी कोणत्याही कागदावर सिद्ध झालेल्या नाहीत. त्या आपणच आलेखावर काढलेल्या जादा रेषा आहेत. प्रत्येक जादा रेषेने शक्यतेचे क्षेत्र लहान होते आणि चांगला कोपरा बाहेर राहून जातो. दहावीनंतर मुलाचा किंवा मुलीचा गणित विषय सोडविण्यापूर्वी ती रेषा खरी आहे की केवळ ऐकीव, एवढे एकदा तपासून पाहावे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, लेख वाचून वही बाजूला ठेवू नका. शिवणवर्गाचे उदाहरण पुन्हा मांडा. तास ६० च ठेवा आणि कापड वाढवीत न्या. प्रत्येक मीटरमागे ३ रुपये वाढत जातील. मात्र ९० मीटरपर्यंतच. तेथे प्राप्ती ७५० रुपये होईल आणि त्यापुढे कापडाचे ठाणच्या ठाण फुकट आणून टाकले तरी ती एका पैशानेही वाढणार नाही. असे का होते, ते आलेख काढून शोधा. मग घरी आईला सांगा. बहुधा ती हसेल आणि म्हणेल, हे तर मला ठाऊकच होते.